सरहद्दीपलीकडची नाडी

गेल्या वर्षी पाडव्याच्या सकाळी माझा एक जुना विद्यार्थी भेटीला आला. शाळेत असताना हा मुलगा गणितात कच्चा होता. पण मैदानावर कुणाचा गुडघा फुटला, की पाण्याचा तांब्या आणि चिमूटभर हळद घेऊन सर्वांच्या आधी धावणारा तोच असे. पुढे त्याने नागपुरातच रुग्णवाहिकेवरील तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम पुरा केला. नोकरी मात्र मिळाली ती सरहद्दीपलीकडे, मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या बाजूला. गेली सात वर्षे तो तेथे गाडीवर आहे. रक्त वाहत असेल तर ते थांबवावयाचे, मोडलेल्या हाडाला फळी बांधावयाची, प्राणवायू लावावयाचा आणि रोगी जिवंत रुग्णालयाच्या दारी पोचवावयाचा, हे त्याचे काम. चालत्या गाडीत तीन बाळंतपणेही त्याने पार पाडली आहेत. हे सांगताना तो अजून लाजतो.

चकली मोडता मोडता तो म्हणाला, “गुरुजी, माह्यं नाव नेमकं कोनाच्या वहीत हाये?”

प्रश्न मला प्रथम कळलाच नाही. मग हळूहळू उलगडा झाला. आई थकली म्हणून त्याला आता घरी, नागपुरास परतावयाचे आहे. एका खाजगी रुग्णालयात जागा निघाली; परंतु तेथील बाबूने कागद उलटेपालटे करून सांगितले, की तुमची नोंदणी तिकडची आहे, इकडची आणा. तिकडच्या कचेरीत गेला तर उत्तर मिळाले, की तुम्ही शिकलात महाराष्ट्रात, आधी तेथून पत्र आणा. आणि गंमत अशी, की ज्या सौंसर-पांढुर्ण्याकडे तो काम करतो तेथले रोगी त्याच्याशी मराठीतच कण्हतात आणि गाडी पुष्कळदा नागपुराकडेच धावते. रोग्याला सरहद्द ओलांडताना कोणी काही विचारीत नाही. त्याची नाडी धरून शेजारी बसलेल्या माणसाला मात्र, तो कोणत्या राज्याचा, हे सिद्ध करावे लागते.

मी काही कायदेपंडित नव्हे. शाळा शिकलो ती मॅट्रिकपुरती. मुलांना शिकवितो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण दिवाळीची सुट्टी होती आणि विद्यार्थ्याचा प्रश्न अनुत्तरित ठेवणे मास्तराला शोभत नाही. म्हणून जुने कायदे आणि जुन्या हकिकती चाळीत बसलो. तेव्हा ध्यानात आले, की माझ्या विद्यार्थ्यावर आलेला प्रसंग एकेकाळी अवघ्या नागपूर शहरावर येऊन गेला आहे.

ज्यांनी नागपूर पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. येथे सरकारी रुग्णालयांना कोणी पूर्ण नावाने ओळखत नाही. एक ‘मेडिकल’ आणि दुसरे ‘मेयो’. मेडिकलच्या आवारात सकाळी अर्धा तास उभे राहावे म्हणजे भूगोलाचा पाठ आपोआप होतो. छिंदवाड्याची आणि शिवनीची हिंदी, बालाघाटची वेगळी, राजनांदगावची छत्तीसगढी, आदिलाबादकडची तेलुगू, मध्येच एखादी गोंड म्हातारी. वऱ्हाडी तर घरचीच. चार राज्यांचे दुखणे या एका शहरात गोळा होते. हे आजचे नव्हे. १८६१ साली मध्यप्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले, तेव्हापासून जबलपूर-रायपूरच्या माणसांची पावले इकडे वळत आली. राजधानी गेली तरी पावले वळतच राहिली.

त्या काळी डॉक्टर कोणास म्हणावे याला फारसा धरबंध नव्हता. इंग्लंडात १८५८ साली कायदा होऊन डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. आपल्याकडे मुंबई इलाख्याने १९१२ साली ते पाऊल टाकले, बंगाल आणि मद्रास यांनी १९१४ साली, आणि आमच्या मध्यप्रांताने १९१६ साली. या कायद्यांनी वैद्य-हकिमांच्या वाटेला जाण्याचे टाळले. पण सरकारी जागा आणि कायद्याने चालेल असे सर्टिफिकेट ही दोन्ही नोंदणी झालेल्या डॉक्टरांच्या पदरात टाकली. व्यवस्था चांगलीच होती. भोंदू लोक गळ्यात नळी अडकवून हिंडत होते, त्यांना आळा बसणे जरूरच होते. मात्र प्रत्येक प्रांताने वही घातली ती आपापली. मुंबईच्या वहीतला डॉक्टर मुंबईचा, नागपूरच्या वहीतला मध्यप्रांताचा. साऱ्या देशाची अशी वही कोणी घातलीच नाही.

येथे वऱ्हाडची एक मौज सांगण्याजोगी आहे. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे. १९०२ साली इंग्रजांनी ते कायमच्या पट्ट्याने घेतले आणि पुढल्या वर्षी कारभारापुरते मध्यप्रांतास जोडले. त्यामुळे नागपुरात झालेला कायदा वर्धा नदीपलीकडे आपोआप लागू होत नसे. तो वेगळा हुकूम काढून न्यावा लागे. अमरावतीचा माणूस पहाटेच्या गाडीने नागपुरास येऊन औषध घेऊन संध्याकाळी परत जाई, पण कायद्याला तेच अंतर काटण्यासाठी स्वतंत्र तिकीट काढावे लागे.

याच सुमारास, १९१४ साली, नागपुरात मेयो रुग्णालयाच्या आधाराने रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले. त्या वेळचे चीफ कमिशनर सर बेंजामिन रॉबर्टसन, त्यांचे नाव शाळेला मिळाले. मॅट्रिक झाल्यावर चार वर्षे शिकावयाचे आणि एल. एम. पी. होऊन बाहेर पडावयाचे. विद्यापीठाची पदवी ही नव्हे. हा नुसता परवाना. म्हणून हे ‘लायसेन्शिएट’. सरकारी नोकरीत त्यांचा हुद्दाही तसाच लांबलचक आणि ठेंगणा: सब-असिस्टंट सर्जन. माझ्या आजोबांच्या पिढीने ज्यांना ‘डॉक्टरसाहेब’ म्हणून हात जोडले ते बहुतेक हेच लोक. बैलगाडीने, सायकलीने, पावसाळ्यात नाल्याला पूर असला तर कपडे डोक्याला बांधून ते खेड्यात पोचत. पटकीची साथ आली की पहिला जाई तो एल. एम. पी.; पदवीधर सिव्हिल सर्जन मागाहून पाहणीला येई.

आणि गंमत पाहा, किंवा अन्याय पाहा. १९३० साली इंग्लंडच्या मेडिकल कौन्सिलने हिंदुस्थानातील पदव्या मानण्याचे नाकारले. देशात एकच गहजब झाला आणि त्यातून १९३३ सालचा इंडियन मेडिकल कौन्सिलचा कायदा जन्माला आला. आपल्या पदव्या आता आपणच जोखावयाच्या, परदेशाशी मान्यतेची देवघेव करावयाची, असा त्याचा थाट. पण त्या कायद्यात एल. एम. पी. लोकांना जागाच ठेवली नाही, आणि साऱ्या देशाची एक नोंदवहीही घातली नाही. म्हणजे लंडनचा रस्ता मोकळा करण्याची केवढी धडपड, आणि नागपूरचा परवानेदार मुंबई इलाख्यात गेला तर त्याने तेथे पुन्हा वहीत नाव चढवावयाचे! १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. त्यात ब्रिटिश हिंदुस्थानातले नोंदलेले डॉक्टर सुमारे ४७ हजार दाखविले आहेत, पैकी एल. एम. पी. वर्गाचे सुमारे ३० हजार. पाचांतील तीन डॉक्टर ज्यांच्यात मोडतात त्यांनाच वगळून कायदा करावयाचा, याला धाडस म्हणावे की विसरभोळेपणा, हे मला ठरविता आलेले नाही.

याच दोन सालांच्या मध्ये आमच्या नागपूरच्या इतिहासातले एक उजळ पान आहे. जपानने चीनवर चाल केली तेव्हा १९३८ च्या सप्टेंबरात काँग्रेसच्या वतीने पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून चीनला निघाले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस त्यात होते हे शाळेतले पोरही सांगेल. पण त्याच पथकात नागपूरचे डॉक्टर चोळकर होते, हे नागपूरकरांनाही पुष्कळदा सांगावे लागते. अटल, मुखर्जी आणि बसू हे उरलेले तिघे. कोटणीस १९४२ च्या डिसेंबरात तिकडेच वारले. ज्या देशात अजून सर्व प्रांतांना मिळून एक वही नव्हती, त्या देशाचे डॉक्टर समुद्र ओलांडून परक्या सैनिकांच्या जखमा बांधीत होते. विसाव्या शतकातल्या आपल्या कारभाराची तऱ्हा समजून घ्यावयाची असेल तर ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवावीत.

स्वातंत्र्य आले. १९४७ सालीच नागपुरात पदवी देणारे मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेच आजचे ‘मेडिकल’. भोर समितीने एल. एम. पी. चे शिक्षण बंद करून सर्वांना एकच पदवी असावी असे सुचविले होते. समितीतल्या काहींना ते पटले नव्हते. खेड्यात जाणार कोण, हा त्यांचा सवाल. तो सवाल आजही कुठे सुटला आहे?

मग आला १९५६ सालचा नोव्हेंबर. ऐन दिवाळीचे दिवस. १ तारखेस राज्यांची पुनर्रचना अमलात आली आणि विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेले. नागपूरने राजधानीचा मान गमावला. घरोघर पणत्या लागत होत्या आणि त्याच वेळी सचिवालयातले बाबू भोपाळला जावयाचे की मुंबईला, याच्या याद्या होत होत्या. त्या दिवाळीच्या गोष्टी आमच्या घरी आजी सांगत असे. तिच्या सांगण्यात राजकारण नसे. शेजारचे कोणते बिऱ्हाड कुठे गेले आणि जाताना कोणाची पितळी परात आमच्याकडे राहिली, एवढेच असे. ती परात अजून आहे.

डॉक्टर मात्र जागचे हलले नाहीत. महालातला दवाखाना महालात आणि सीताबर्डीतला सीताबर्डीतच राहिला. हलली ती रेघ. कालपर्यंत एका प्रांताची असलेली नोंदवही आता महाकोशल आणि विदर्भ अशा दोन नावांनी चालू लागली. रॉबर्टसन स्कूलमध्ये एका बाकावर बसून शरीरशास्त्र घोकलेल्या दोघा मित्रांपैकी सागरचा एका राज्यात आणि भंडाऱ्याचा दुसऱ्या राज्यात, असे झाले. पुनर्रचनेच्या कायद्यात एक शहाणपणाचे कलम होते, ११९ वे. मुलूख इकडून तिकडे गेला तरी तेथे चालत असलेला कायदा नवा कायदा होईपर्यंत चालूच राहील, असे ते म्हणते. त्यामुळे कोणाचा दवाखाना बंद पडला नाही. पण परिणाम मोठा विलक्षण झाला. एकाच राज्यात डॉक्टरांचे तीन कायदे नांदू लागले: पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचा १९१२ चा, विदर्भात मध्यप्रांताचा १९१६ चा, आणि मराठवाड्यात निजामाच्या वेळचा हैदराबादचा. १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्र झाला, शिवाजी पार्कवर दिवे लागले, तरी हे तिन्ही कायदे जागच्या जागी होते. १९६५ साली महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा कायदा झाला तेव्हा कुठे त्यांची एक मोट बांधली गेली. डॉक्टरांचा संयुक्त महाराष्ट्र पाच वर्षे उशिरा आला म्हणा ना!

दरम्यान दिल्लीत मोठे काम झाले होते. १९५६ च्या डिसेंबरअखेर नवा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा मंजूर झाला आणि १९५८ च्या १ नोव्हेंबरपासून तो लागू झाला. त्याने प्रथमच साऱ्या भारताची एक नोंदवही घातली. आणि २७ व्या कलमात लिहिले, की या वहीत ज्याचे नाव आहे त्याला आपल्या शिक्षणाप्रमाणे भारताच्या कोणत्याही भागात व्यवसाय करता येईल. एल. एम. पी. लोकांनाही त्याच्या परिशिष्टात जागा मिळाली. १९१६ पासून मोजले तर हे व्हावयास ४२ वर्षे लागली. तो कायदा २०२० साली गेला आणि राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा आला. पण देशाची एक वही असावी ही कल्पना टिकून राहिली.

हे झाले डॉक्टरांचे. परिचारिकांची कथा वेगळी आहे आणि ती मी कायद्याच्या पुस्तकात वाचण्यापूर्वी आमच्या गल्लीत ऐकली होती. मी लहान असताना शेजारी कोट्टायमकडच्या एक सिस्टर राहत. नागपूरच्या रुग्णालयांत केरळच्या सिस्टर किती आहेत हे येथे कोणासही सांगावयास नको. या बाईंच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी असे. तीत साडी नव्हे, दागिना नव्हे, नुसते कागद. शिकल्या त्या एका राज्यात, पहिली नोकरी दुसऱ्यात, लग्नानंतर नागपूर. त्या म्हणत, “जितनी राज्यं, तितने रजिस्टर. ताप सगळीकडे सारखाच मोजायचा, पण कागद नवा.” आईने एकदा त्यांना विचारले होते, की मुलीला नर्स करणार का. त्या हसल्या आणि म्हणाल्या, पेटी मोठी घ्यावी लागेल.

त्यांच्या बोलण्यामागचा कायदा असा. १९४७ साली इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. भोर समितीने साऱ्या देशात परिचारिका मोजल्या तेव्हा त्या जेमतेम ७ हजार भरल्या होत्या. तेव्हा घाई होणे रास्तच होते. एका ठिकाणचे मान्य शिक्षण प्रत्येक राज्याने मान्य करावे, हे त्या कायद्याने ठरविले. मान्य करावे, पण नाव मात्र त्या त्या राज्याच्या वहीत पुन्हा चढवावे. मागच्या राज्याकडून ना-हरकत आणावी, फी भरावी, वाट पाहावी. महाराष्ट्रात परिचारिकांचे जुने कायदे एकत्र झाले ते १९६६ साली, डॉक्टरांच्या मागून एक वर्षाने.

आता माझ्या विद्यार्थ्याकडे येतो. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका २०१४ साली सुरू झाल्या. एकंदर ९३७ गाड्या, आणि गाडीत डॉक्टर असावा अशी योजना. पलीकडे मध्य प्रदेशात गाडीत रोग्याशेजारी बहुधा त्याच्यासारखा तंत्रज्ञच असतो. अपघात झाल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात ज्याचा हात रोग्याला लागतो तो हा माणूस. आणि याचे नाव कोणत्या वहीत? मध्य प्रदेशाने सहवैद्यकीय लोकांच्या परिषदेचा कायदा २००० साली केला. महाराष्ट्राने २०११ साली करावयास घेतला, तो प्रत्यक्ष कायदा म्हणून बाहेर पडेपर्यंत २०१६ साल उजाडले. दोन राज्ये, दोन वह्या, आणि मध्ये एक तपाहून अधिक अंतर. संसदेने २०२१ साली सर्व देशासाठी कायदा केला, त्यात रुग्णवाहिकेवरील तंत्रज्ञाचा व्यवसाय नावानिशी घातला, राज्यांच्या वह्या आणि त्यांवरून देशाची एक वही असे ठरविले. हे वाचून मला मोठा आनंद झाला. पुढे वाचले तो असे, की राज्यांनी परिषदा स्थापण्याची मुदत टळत गेली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला ‘दोन महिन्यांत करा’ असे बजावावे लागले.

डॉक्टरला देशाच्या वहीत शिरावयास १९५८ पर्यंत थांबावे लागले, आणि त्यातही परवानेदाराला पदवीधराच्या मागून जागा मिळाली. परिचारिका अजून पेटी वागवीत आहे. रुग्णवाहिकेवरल्या पोराची वही तर आत्ता कुठे शिवली जात आहे. रोग्याजवळ ज्या क्रमाने माणसे पोचतात, बरोबर त्याच्या उलट्या क्रमाने त्यांची नावे लिहिली गेली.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे समजून कोणी कपाळाला हात लावू नये. अमेरिकेतही अशा माणसांना परवाना देते ते प्रत्येक राज्य आपापल्यापुरता. तिकडे रानाला वणवा लागतो, तो चार राज्यांत पसरतो. जखमींना उचलणारे विमान एका राज्यातून उडून दुसऱ्यात उतरते. आणि आतल्या माणसाचा परवाना वाटेतच संपतो. म्हणून तेथील राज्यांनी आपसात करार केला, की एका सभासद राज्याचा परवाना दुसऱ्यात चालावा. दहा राज्ये मिळाली तेव्हा, २०१७ च्या मे महिन्यात, करार जिवंत झाला. आणि प्रत्यक्ष काम सुरू झाले ते २०२० च्या मार्चमध्ये, करोना दारात उभा राहिल्यावर. आज वीसहून अधिक राज्ये त्यात आहेत.

करोनाचे नाव निघाले म्हणून सांगतो. २०२१ च्या एप्रिलात नागपूरला प्राणवायू आला तो छत्तीसगडच्या भिलाईहून. टँकर रात्रंदिवस धावत होते आणि सारे गाव त्यांची वाट पाहत होते. त्याच दिवसांत माझा हा विद्यार्थी शेजारच्या राज्यातले रोगी घेऊन नागपुरात एका दारावरून दुसऱ्या दारावर हिंडत होता. एका रात्री पाच दारे झाली. सहाव्या दारी खाट मिळाली. त्या रात्री त्याने माझ्या घरावरून गाडी नेली, पण थांबला नाही, दुसऱ्या दिवशी फोन करून नुसते एवढेच म्हणाला, “तुमचा दिवा लागलेला दिसला, गुरुजी.” त्या पाच दारांपैकी एकाही दारी त्याची नोंदणी कोणी विचारली नव्हती.

पाडव्याच्या दिवशी फराळ झाल्यावर आम्ही दोघे अर्ज लिहावयास बसलो. एक प्रत मराठीत, इकडच्या कचेरीसाठी. एक हिंदीत, तिकडच्या. हिंदीतली विनंती त्याने मला सुधारून दिली. शाळेत असताना शुद्धलेखनासाठी मी त्याचा कान कितीदा धरला असेल. त्या दिवशी तो माझ्या वेलांट्या दुरुस्त करीत होता. दोन्ही अर्जांना त्याने प्रशस्तिपत्राच्या नकला जोडल्या, सात वर्षांच्या नोकरीचा दाखला जोडला. तीन बाळंतपणांचे लिहावे काय, असे मी विचारले. तो म्हणाला, त्यासाठी रकाना नाही.

मराठी अर्जाला पोच आली आहे. हिंदीचीही आली. उत्तर यावयाचे आहे. यंदाही पाडव्याला तो येणार आहे, असा त्याच्या आईचा निरोप आहे. तिच्या पायाचे दुखणे वाढले आहे आणि तिला मेडिकलला न्यावयाचे आहे.